सिलिंडर कुणी उचलायचा?

बायकांच्या ताकदीच्या व्यायामाबद्दल कोल्हापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांमधले सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं गाळली आहेत, गाव आणि वय तेवढं ठेवलं आहे. उत्तरं व्यायाम प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

रोज सकाळी रंकाळ्यावर तासभर चालते. धुणं, भांडी, फरशी सगळं माझ्याच अंगावर. तरी भरलेला सिलिंडर सरकवायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागते. एवढं करून आणखी वेगळा व्यायाम कशासाठी? (वय 44, राजारामपुरी)

पोराला हाक मारावी लागते म्हणूनच. चालणं सोडू नका; हृदयाला, दमाला, रक्तातल्या साखरेला ते चांगलंच आहे. पण स्नायूची ताकद वाढते ती त्याच्यावर सवयीपेक्षा जड ओझं पडलं तरच. तुमची धुण्याची बादली गेली वीस वर्षं 15 लिटरचीच आहे. ती उचलायला जेवढं बळ लागतं तेवढं पहिल्या महिना-दोन महिन्यांत आलं, त्यापुढं शरीराला वाढायचं कारणच उरलं नाही. घरकामानं माणूस दमतो, आणि दमलं म्हणजे व्यायाम झाला असं वाटतं. शिवाय त्या कामात सगळं पुढं वाकूनच चालतं. डोक्यावर ढकलणं, मागं ओढणं, भरल्या वजनानिशी उठणं हे दिवसभरात क्वचितच होतं.

सिलिंडरचंच बघा. आत 14.2 किलो गॅस, रिकामी टाकी 15-16 किलो (नेमका आकडा टाकीच्या वरच्या पट्टीवर लिहिलेला असतो), म्हणजे साधारण 30 किलोचा ऐवज. आठवड्यातून दोनदा नीट वजन उचलायला लागलेली धडधाकट बाई तीन-चार महिन्यांत सहसा तिथवर पोचते. पहिल्या चार-सहा आठवड्यांत ताकद वाढते पण दंड दिसत नाहीत, कारण आधी मेंदू आणि नसा आहे त्या स्नायूला नीट कामाला लावायला शिकतात. स्नायू जाड होणं त्यानंतरचं.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये मोठ्या माणसांसाठी दोन हिशेब सांगितले: आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि त्याखेरीज किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम. रंकाळ्यानं पहिला भागतो. दुसरा बाकी आहे, आणि तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू 3 ते 8 टक्क्यांनी घटतात, साठीनंतर त्याहून वेगानं.

ताकद येईपर्यंत सिलिंडर उचलू नका. वरची कडी धरून थोडा कलता करा आणि बुडाच्या कडेवर फिरवत न्या.

आमचे मामंजी जुने पैलवान. ते म्हणतात, डंबेल-बिंबेल थेरं आहेत, रोज शंभर बैठका मार, झालं. (वय 29, शिवाजी पेठ)

मामंजींचं अर्धं खरं आहे. बैठक हा मांड्यांचा आणि जोर हा छाती-खांद्याचा उत्तम व्यायाम, साहित्य शून्य. राहिलेलं अर्धं त्यांनाही ठाऊक आहे, फक्त सांगायचं राहिलं. शाहू महाराजांनी 1912 मध्ये खासबागेचं मैदान बांधलं त्या काळचे मल्लही नुसत्या जोर-बैठकांवर तयार झाले नव्हते. करेला, मुद्गल, गदा होती, फावड्यानं आखाड्याची माती खोदणं होतं, आणि सगळ्यांत जड म्हणजे अंगावर घ्यायचा समोरचा गडी होता. ते सगळं वजनच.

सलग 25 बैठका सहज निघायला लागल्या की पुढच्या बैठका दम वाढवतात, ताकद फारशी नाही. तिथून पुढं आकडा वाढवण्याऐवजी छातीशी 5 किलोची पिशवी धरून 10 बैठका काढा. मांड्या कशा भरून येतात ते मामंजींनाच विचारा.

पहिल्याच दिवशी शंभर मारू नका. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग आंबतं, जिना उतरवत नाही, इथवर ठीक. पण सवय नसताना अतिरेक केला तर क्वचित स्नायूंचे तंतूच तुटतात आणि त्यांतला घटक मूत्रपिंडात जाऊन अडतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, मांड्या टणक सुजल्या, तर शेक घेत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. सुरुवात 10-10 च्या तीन सेटनं (सेट म्हणजे न थांबता काढलेली एक फेरी), एक दिवसाआड.

तांदळाचं पोतं उचलताना कंबरेत उसण भरली. आठ दिवस अंथरुणात. आता वजन म्हटलं की भीती वाटते. (वय 38, कागल)

भीती वजनाची नको, अंतराची हवी. कण्यामागचे स्नायू मणक्यापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर असतात. तुम्ही हात लांबवून 50 सेंटिमीटर पुढं 10 किलो धरलं, तर तरफेच्या हिशेबानं त्या स्नायूंना साधारण 100 किलोचा ताण घ्यावा लागतो. तेच पोतं पोटाला चिकटवून 20 सेंटिमीटरवर आणलं की तो 40 वर येतो. पोतं तेवढंच, कंबरेवरचा भार निम्म्याहून कमी.

म्हणून आधी कंबरेतून न वाकता खुब्यातून वाकायला शिका. भिंतीकडं पाठ करून वीतभर पुढं उभ्या राहा, गुडघे किंचित सैल. केरसुणीची काठी पाठीवर उभी धरा: डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाड अशा तीन ठिकाणी ती टेकली पाहिजे. आता मोटारीचं दार नितंबानं लोटून लावतात तसा बसायचा भाग मागं भिंतीला टेकवा. तीनपैकी एक जागा सुटली की तिथंच थांबा, पाठ तिथून गोल व्हायला लागली आहे. दहा वेळा जमलं की अर्धं पाऊल पुढं सरका. मांडीच्या मागची शीर ताणली गेल्यासारखी वाटली तर बरोबर, ताण कंबरेत वाटला तर गुडघे जास्त ताठ आहेत किंवा पाठ सुटली आहे.

आठवडाभरानं हातात 4 किलो घ्या. वजन दोन पावलांच्या मध्ये, पुढं नाही. धरा, श्वास घ्या, कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून पोट घट्ट करा, पायांनी जमीन ढकला. गुडघ्यांच्या वर आल्यावर श्वास सोडा. रक्तदाब असलेल्यांनी श्वास कोंडायचा नाही, उठतानाच सोडत जायचा. वजन पायांना घासत वर-खाली झालं पाहिजे. वर उचलताना बायका नीट करतात, खाली ठेवताना घाई होते आणि उसण बहुतेक तेव्हाच भरते. ठेवणं हाही व्यायामाचाच भाग धरा.

पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलायला जड, लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही असेल तर आधी डॉक्टर.

गावात जिम नाही, आहे तिथं सगळी पोरंच. घरी काय करता येईल? (वय 35, गडहिंग्लज तालुका)

भरपूर. तेलाचे 5 लिटरचे दोन रिकामे कॅन घ्या. गरम पाणी आणि साबणानं आतून-बाहेरून धुवा, तेलकट मूठ हातातून निसटते. पाणी भरलं तर 5 किलो, कोरडी वाळू भरली तर साधारण 8 किलो. वाळू ओली असेल तर जास्त, म्हणून किराणा दुकानातल्या काट्यावर एकदा तोलून वर आकडा लिहून ठेवा. झाकणाला चिकटपट्टी लावा. जुन्या कॅनची मूठ उन्हानं ठिसूळ झालेली असते. पांढरी पडली असेल किंवा चीर दिसली तर तो कॅन वापरू नका. त्यापुढं पोराच्या शाळेची सॅक आणि मिठाचे किलो-किलोचे पुडे: एक-एक पुडा वाढवता येतो, डंबेलपेक्षा सोयीचं.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये दोन-तीन दिवसांची फट. एका वेळी 35-40 मिनिटं. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालणं, हात फिरवणं, वजनाशिवाय दहा उठाबशा.

पहिला व्यायाम खुर्चीवर बसून उठणं, सॅक छातीशी धरून. दुसरा वरच्या उत्तरात सांगितलेलं खुब्यातून वाकून कॅन उचलणं. तिसरा स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून जोर: ओटा आधी कोरडा पुसा, हात छातीच्या रेषेत, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग फळीसारखं. पोट खाली लोंबलं की सेट संपला समजा. जड गेलं तर भिंतीवर करा, सोपं झालं की पलंगाच्या कडेवर, मग जमिनीवर. चौथा ओढण्याचा: डावा हात आणि डावा गुडघा पलंगावर, उजव्या हातात कॅन, कोपर खिशाकडं ओढायचं, खांदा कानाकडं जाऊ द्यायचा नाही. पाचवा दोन्ही हातांत कॅन धरून गच्चीवर 30 मीटर चालणं, चार खेपा. हा पाचवा बायका टाळतात, कारण तो व्यायाम वाटत नाही. पण बाजाराच्या पिशव्या, बोटांची पकड, लोणच्याच्या बरणीचं झाकण, सगळं याच्यातच येतं.

पहिल्या चारांचे तीन-तीन सेट, दर सेटला 8 ते 12 वेळा, मध्ये दीड-दोन मिनिटं बसायचं. सेट संपताना आणखी दोन निघाले असते असं वाटलं पाहिजे. पाच निघाले असते तर वजन हलकं आहे, एकही निघाला नसता तर जड. तिन्ही सेटमध्ये 12 निघाले, आणि व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी निघाले, की एक पुडा वाढवा आणि पुन्हा 8 पासून सुरू करा. वही ठेवा: तारीख, वजन, किती वेळा. वही नसली की तीन महिन्यांनी त्याच दोन पुड्यांवर अडकलेल्या सापडाल, आणि मग तुमची सॅक म्हणजे आमच्या पहिल्या वाचकांची बादली.

साडी नको, पंजाबी ड्रेस चालेल, ओढणी खोचून नव्हे तर काढून बाजूला ठेवून. पाय अनवाणी किंवा सपाट तळाचे बूट. कोल्हापुरी चप्पल कितीही आवडती असली तरी तिचा चामड्याचा तळ फरशीवर सरकतो.

पुरुषांसारखे दंड होतील का? (वय 22, कळंबा)

नाही. बायकांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन (स्नायू वाढवणारं संप्रेरक) पुरुषांच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्याएवढं असतं. जाहिरातीत दिसतात तशा दंडांमागं वर्षानुवर्षं रोजचे काही तास, मोजून खाणं आणि काही वेळा औषधंही असतात. आठवड्यातल्या दीड तासात ते चुकून होत नाही.

गुडघ्यांची झीज आहे. देवासमोर खाली बसले की उठताना आधार लागतो. वजनानं आणखी झिजणार नाहीत? (वय 61, कसबा बावडा)

गुडघा म्हणजे मोटेचं चाक नव्हे, वापरलं म्हणून झिजायला. आतल्या कुर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या मऊ गादीला) पोषण मिळतं तेच दाब पडण्या-सुटण्यातून. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की प्रत्येक पायरीचा धक्का थेट सांध्यावर जातो. तो स्नायू बळकट करणं हा गुडघ्याच्या झिजेवरचा अगदी पहिल्या फळीतला उपाय आहे.

साध्या खुर्चीची बैठक 45 सेंटिमीटरच्या आसपास असते. तिच्यावर घडी घातलेल्या सतरंज्या टाकून ती 55 पर्यंत उंच करा. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्याएवढी लांब, चवडे किंचित बाहेर. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढं झुका आणि मग उठा. सरळ पाठीनं तसंच वर यायला गेलात की सगळा भार गुडघ्यावर येतो, तिथंच कळ मारते. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा, आत वळू देऊ नका. बसताना मनात तीन आकडे मोजा, धपकन बसायचं नाही. 8 वेळा, दोन सेट. आठवड्या-दोन आठवड्यांनी एक घडी कमी.

व्यायाम करताना दहापैकी तीन-चार इतकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी गुडघा होता तसा हवा. सूज आली, रात्री ठणकला, तर पुढच्या वेळी एक सेट कमी करा, बंद नका करू.

स्वतःची परीक्षा घ्यायची असेल तर हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता ते मोजा. 60 ते 64 वयाच्या बायकांसाठी 12 ते 17 हा सर्वसाधारण पल्ला. जमिनीवरून उठण्यासाठी आधी दोन्ही गुडघ्यांवर या, एक पाऊल पुढं टेकवा, दोन्ही हात त्या मांडीवर आणि मग वर. हाच व्यायाम म्हणून रोज तीनदा करा, गुडघ्याखाली उशी ठेवून.

पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता 20 टक्क्यांपर्यंत उतरू शकते, म्हणून या वयात वजनाचा व्यायाम हाडांसाठीही हवा. ऑस्ट्रेलियात हाडं ठिसूळ होत आलेल्या, 58 च्या पुढच्या बायकांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये छापून आला. आठवड्यातून दोनदा अर्धा तास, आठ महिने, खरोखर जड वजन. कण्याची आणि खुब्याची हाडं सुधारली. मात्र पूर्ण वेळ प्रशिक्षक शेजारी उभा होता. ऑस्टिओपोरोसिसचं (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं) निदान झालं असेल तर जड वजन घरी एकटीनं नको, आणि पाठ गोल करून पायाचे अंगठे धरण्याची आसनं आजपासून बंद.

दोन बाळंतपणं झाली. शिंकलं की लघवीचे थेंब जातात. सासूबाई म्हणतात, वजन उचललंस तर अंग बाहेर येईल. (वय 33, इचलकरंजी)

सासूबाईंची भीती अगदीच निराधार नाही. खाली काही ओघळल्यासारखं, जड वाटत असेल किंवा गाठ हाताला लागत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. नुसते थेंब जात असतील तर ओटीपोटाचा तळ दुबळा आहे, आणि तोही स्नायूच आहे. वायू सरेल म्हणून आपण जसं आवळून धरतो तसं आवळा आणि आत-वर खेचा. सुरुवातीला 5 सेकंद, हळूहळू 10. दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मांड्या आणि नितंब आवळले जात असतील तर चुकतंय. लघवी करताना धार अडवून सराव करू नका, मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

वजन उचलताना आधी हा तळ आवळा, मग उचलता-उचलता श्वास सोडा. बहुतेकींच्या बाबतीत घोटाळा इथंच होतो: श्वास कोंडून जोर लावला की सगळा दाब खाली जातो. बद्धकोष्ठात कुंथण्यानंही तेच होतं, आणि ते रोज होतं, त्याबद्दल मात्र कुणी सासू बोलत नाही.

बाळंतपणाला सहा-आठ आठवडे झाले, तपासणी झाली, की हलकी सुरुवात. सिझेरियन असेल तर अंथरुणातून कुशीवर वळून उठा. उठताना पोटाच्या मधोमध घुमटासारखा उंचवटा आला तर सध्या पोटाच्या उठाबशा नकोत.

खुराक काय ठेवावा? पावडर घ्यावी लागेल का? (वय 40, जयसिंगपूर)

रोजच्या गरजेसाठी भारतीय शिफारस किलोमागं 0.83 ग्रॅम प्रथिनांची आहे. वजन उचलणारीनं 1.2 ग्रॅमच्या पुढं धरावं. वजन 60 किलो असेल तर 72 ग्रॅम. म्हशीचं दूध आणि दही मिळून 400 मिली म्हणजे 15, दोन अंडी 12, तीन ज्वारीच्या भाकऱ्या (180 ग्रॅम पीठ) 18, कच्ची मोजून 40 ग्रॅम मटकीची उसळ 9, वरणाची 30 ग्रॅम डाळ 7, मूठभर शेंगदाणे 7. झाले 68, उरलेले 4 भात-भाजीतून निघतात. अंडी चालत नसतील तर 70 ग्रॅम पनीर किंवा 25 ग्रॅम सोयाबीन वड्या. पावडरची गरज कुठं आली?

मात्र तांबड्या-पांढऱ्यावर हिशेब मांडू नका. प्रथिनं मटणाच्या फोडीत असतात. वाटी-वाटी रस्सा ओरपून फोडी घरातल्या पुरुषांच्या ताटात गेल्या, तर खुराक त्यांचा झाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवायची.

पाळीत व्यायाम? (वय 26, शाहूपुरी)

जमेल तेवढा करा. पोटात कळा असतील तर वजन कमी करा, नको वाटलं तर एक दिवस पुढं ढकला. अंगावरून फार जात असेल आणि जिना चढताना धाप लागत असेल, तर हिमोग्लोबिन तपासा. 12 च्या खाली म्हणजे रक्तक्षय. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय बायकांना तो आढळला. जेवणावर लगेच चहा नको, तासभर थांबा. चहा लोह शोषू देत नाही. उसळीवर लिंबू पिळा.

तीन महिने नेमानं करते आहे. काटा अर्धा किलोसुद्धा हलला नाही. (वय 47, मंगळवार पेठ)

काटा चरबी आणि स्नायू वेगळे करून सांगत नाही. एक उतरतो, दुसरा चढतो, आकडा तोच. बेंबीच्या रेषेत टेप लावून कंबर मोजा, श्वास सोडल्यावर, दर चार आठवड्यांनी. आणि वही उघडा. पहिल्या पानावर 4 किलो आणि आज 14 असेल तर काम चालू आहे. वहीतही तोच आकडा असेल तर वजन वाढवायला विसरलात. वहीत आकडा वाढलाय पण कंबर तशीच आहे, तर दुपारच्या चहाबरोबरचा फरसाण आणि तेलाचा महिन्याचा डबा मोजा: चौघांच्या घरात 15 किलोचा डबा दोन महिन्यांच्या आत संपत असेल, तर माणशी रोज 60 ग्रॅमच्या पुढं तेल जातंय.